सही माझीच होती

पुढच्या आठवड्यात आमच्या गावात नगरपरिषदेचं मतदान आहे. नगराध्यक्षासाठी मत द्यायचं आहे, प्रभागातल्या दोन जागांपैकी एकीसाठी द्यायचं आहे. दुसरी जागा महिलांसाठी राखीव होती. तिच्यासाठी मत द्यायचं नाही, कारण ती बिनविरोध निवडून आली आहे. छाननी झाली त्याच दिवशी दुपारी आमच्या नाक्यावर गुलाल उडाला आणि ढोलताशे वाजले. मी तेव्हा घरात खिडक्या लावून बसलो होतो.

ती जागा बिनविरोध झाली ती माझ्यामुळे. हे कुठेतरी लिहून ठेवावं असं वाटतं, म्हणून लिहितो आहे.

मी पोस्टात होतो. शेवटची काही वर्षं याच गावात पोस्टमास्तर म्हणून काढली आणि इथेच निवृत्त झालो. समुद्राच्या बाजूला आमची लहानशी वाडी आहे, नारळ आणि सुपारी. घरात मी, बायको, मुलगा आणि सून. मुलाची कंपनीतली नोकरी गेली तेव्हा तो परत आला आणि वाडीच्या मागच्या अंगाला त्यानं पर्यटकांसाठी तीन खोल्या बांधल्या. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची माणसं येतात, बायको आणि सून त्यांना जेवायला घालतात. आमच्या आळीत आता अशा खोल्या नाहीत असं घर शोधावं लागेल. परवानगी कुणाकडेच नाही. किनाऱ्यापासून किती आत बांधायचं त्याचे नियम आहेत, ते पाळायचे तर आमच्या वाडीत कोंबड्यांचं खुराडंही उभं राहणार नाही. मधे एकदा नगरपरिषदेनं सगळ्यांना नोटिसा दिल्या. महिनाभर आळीत कुणाला झोप नव्हती. मग पुढे काहीच झालं नाही. कुणाची खोली पाडली नाही आणि कुणाची नोटीस मागेही घेतली नाही. सरकारी काम आहे, राहून गेलं असेल, असं मला तेव्हा वाटलं होतं.

गावात कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते. आधीच्यांची मुदत संपली, निवडणुका पुढे पुढे जात राहिल्या आणि कारभार प्रशासकाकडे गेला. लोक म्हणायचे, बरं झालं, खाणारी तोंडं तरी कमी झाली. मीही पारावर बसून हेच म्हणायचो. माझं नगरसेवकांविषयीचं मत कधीच चांगलं नव्हतं. निवडणूक जवळ आली की गटारावर झाकणं येतात, पेव्हर ब्लॉक उखडून पुन्हा तिथेच बसवतात, क्रिकेटच्या सामन्यांना मोटारसायकलचं बक्षीस लागतं, बायकांची देवदर्शनाची बस निघते. ज्या पक्षांची वर राज्यात एकमेकांवर चिखलफेक चाललेली असते ते आमच्याकडे एकाच बॅनरवर हात जोडून उभे असतात. हे सगळं मी पाहिलेलं होतं. पण नगरसेवक वाईट असला तरी त्याच्या दारात जाऊन शिव्या घालता येतात, आणि प्रशासकाचं दारच आम्हाला माहीत नव्हतं, हे मला फार उशिरा लक्षात आलं. ते साहेब आठवड्यातून एकदा यायचे. आले तर मीटिंगमध्ये असायचे, नाहीतर अलिबागला गेलेले असायचे.

त्या वर्षांत गावात एकच माणूस मोठा झाला. तो ठेकेदार. सुरुवातीला त्याच्याकडे एक जुना डंपर होता, मग जेसीबी आला, मग रस्ते, कचरा, गटारं सगळी कामं त्याच्याकडे गेली. वागायला अतिशय गोड. रस्त्यात गाडी थांबवून, काच खाली करून नमस्कार करणारा. माझ्या बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात फळं घेऊन आला होता.

आमच्या प्रभागाच्या टोकाला कोळीवाडा आहे आणि त्याच्या पाठीमागे खाजण, म्हणजे भरतीचं पाणी चढतं ती दलदलीची जागा. गावातलं पावसाचं पाणी एका नाल्यातून त्या खाजणात उतरायचं आणि पुढे खाडीला मिळायचं. ठेकेदारानं त्या खाजणाच्या कडेची जागा घेतली, दगडमातीचा भराव टाकला आणि नाल्याच्या जागी सिमेंटचे दोन पाइप घालून वरून सपाट करून टाकलं. तिथे रिसॉर्टची पार्किंग होणार होती. कोळीवाड्यातल्या लोकांनी तक्रार केली. त्यांना सांगण्यात आलं की पाइपांचा हिशोब इंजिनिअरनं केलेला आहे.

कोळीवाड्यातली एक बाई आमच्याकडे वीस वर्षं मासळी घालायची. पंचेचाळिशीची असेल. सकाळी पाटी घेऊन यायची, आमच्या ओटीवर बसायची, बायकोकडून चहा घ्यायची. मांदेली, बोंबील, कधी मोठी कोलंबी असली तर दुसऱ्या कुठल्याच घरी न थांबता आधी आमच्याकडे. मला ती काका म्हणायची आणि बायकोला काकी. नवरा बोटीवर असायचा, एक मुलगी माणगावला दिलेली, आणि घरात सासू. सासूला अर्धांगवायू झालेला होता. ती खालच्या खोलीत खाटेवर पडून असायची. ही सकाळी तिला पुसून, भरवून निघायची आणि दुपारी एकच्या सुमाराला परत यायची.

गेल्या वर्षीच्या श्रावणात उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले. भर दुपारी. पाणी नाल्यातून पुढे जायला जागाच नव्हती, ते मागे फिरलं आणि कोळीवाड्यात शिरलं. त्या दिवशी ही बाजारात होती. आमच्या आळीत घोटाभर पाणी आलं म्हणून मी आणि शेजारचे दोघेजण मोटारीचा पंप उचलायला वाडीत गेलो होतो. तेवढ्यात कोळीवाड्यातून कुणीतरी हाका मारत आलं. आम्ही गेलो. तिथे मांडीपर्यंत पाणी होतं. दरवाजा आतल्या बाजूला वाहून आलेल्या सामानानं अडकला होता. तो उघडायला आम्हाला बराच वेळ लागला. माझ्या अंदाजानं दहा मिनिटं, शेजारी म्हणतो जास्त. आत गेलो तेव्हा खाट कलंडलेली होती.

म्हातारीला मी आणि शेजाऱ्यानं उचलून बाहेर आणलं. वजन काहीच नव्हतं. पाणी तिच्या लुगड्यातून गळत होतं. बाजारातून ही धावत आली तेव्हा आम्ही म्हातारीला समोरच्या उंच ओट्यावर ठेवलं होतं. ती रडली नाही. तिनं आधी सासूचं लुगडं नीट केलं, मग केस मागे सारले, आणि तशीच बसून राहिली.

कागदोपत्री तो मृत्यू दीर्घ आजारानं झाला. पंचनाम्याला आलेल्या माणसानं मला विचारलंही होतं. मी म्हणालो, पाण्यानं गेली. त्यानं लिहिलं, घरात पाणी शिरल्यानंतर मृत आढळली. दोन्हीत फरक आहे हे मला तेव्हाही कळलं होतं. मी पोस्टात तीस वर्षं शब्दच वाचले होते.

त्यानंतर तिनं अर्ज करायला सुरुवात केली. एकेक अर्ज ती माझ्याकडून लिहून घ्यायची. नगरपरिषदेला, तहसीलदारांना, अलिबागला कलेक्टर कचेरीत. मागणी एकच होती, भराव काढा आणि नाला मोकळा करा. सासूच्या नावानं काही मागत नव्हती. पोच घेऊन ती सगळे कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायची. उत्तर यायचं की प्रकरण संबंधित विभागाकडे वर्ग केले आहे. अलिबागला ती चार वेळा गेली. पाटी बंद ठेवून, एसटीचे धक्के खात, दिवसभर बाकावर बसून परत यायची. मग एकदा तिनं मला विचारलं की हे ऐकतात कुणाचं. मी म्हणालो, सभागृहात असलं तर ठराव तरी आणता येतो, इतिवृत्तात नोंद तरी होते. मी सहज बोललो होतो.

निवडणूक लागली. आमच्या प्रभागात एक जागा महिलांसाठी सुटली. ठेकेदाराच्या बायकोचं नाव लगेच पुढे आलं. दुसऱ्या गटानं त्या जागेवर उमेदवारच दिला नाही. त्यांना शेजारचा प्रभाग सोडलेला होता, असं बोललं गेलं. म्हणजे लढत संपलीच होती. तेव्हा ती सकाळी पाटी न घेता आमच्याकडे आली. नवी साडी नेसलेली, हातात अर्जाचे कागद. ती अपक्ष उभी राहणार होती. अपक्षाला ठरावीक सूचक लागतात, प्रभागातले मतदार. बाकीचे तिला मिळाले होते, एक कमी होता.

ती म्हणाली, "काका, तुम्ही न्हाय म्हणालात तरी मला राग न्हाय. पण तुमची सही असली तर लोकं म्हणतील, मास्तरांनी केली म्हणजे काय तरी खरं हाय."

बायको दारात उभी होती. मी चष्मा लावला, अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, आणि सही केली. माझ्या सहीला शेवटी एक लांब रेघ आहे, खालून मागे येणारी. पेन मधेच अडकलं म्हणून ती रेघ एका जागी तुटली. बायकोनं तिच्या हातावर साखर ठेवली. त्या दिवशी मला बरं वाटत होतं, हे कबूल करायला हवं. म्हातारीला उचललं त्या दिवसापासून जे छातीवर होतं ते थोडं हललं असं वाटलं.

छाननीच्या आदल्या दिवशी सकाळी ठेकेदार वाडीत आला. एकटाच. मी पडलेल्या सुपाऱ्या वेचत होतो. त्यानं चपला बाहेर काढल्या, माझ्याबरोबर खाली वाकून चार-सहा सुपाऱ्या वेचल्यासुद्धा. बायकोच्या गुडघ्याची चौकशी केली. मग खोल्यांकडे बघत म्हणाला की मुलानं धंदा छान बसवला, रंग चांगला दिला आहे. किनारा नियमांच्या जुन्या नोटिसांवर वरून विचारणा आली आहे, नवीन बॉडी आली की त्यांना कुठूनतरी सुरुवात करावीच लागेल, आणि अशा वेळी लोक उगाच आपल्यासारख्यांवर आळ घेतात, असं तो बोलत राहिला. आवाज एकदाही चढला नाही. उद्या छाननीत सह्यांवर हरकत येणार आहे, एवढंच त्यानं शेवटी सांगितलं.

"काका, तुमचं वय झालं. कुणी कागद पुढे केला, तुम्ही घाईत बघितला नसेल. होतं असं. उद्या साहेबांनी विचारलं तर आठवेल तेवढंच सांगा."

तो गेल्यावर मुलगा आला. तो सगळं ऐकत खोलीच्या आड उभा होता. मुलगा वाईट नाही. त्यानं मला ओरडून काही सांगितलं नाही. तो म्हणाला की ती निवडून येणार नाहीच, आपण सही ठेवली तरी नाही आणि काढली तरी नाही. मग आपल्या तीन खोल्या कशासाठी घालवायच्या? कर्ज अजून फिटायचं आहे, सुनेला दिवस गेले आहेत. प्रत्येक वाक्य खरं होतं. मला आजही त्यातलं एक वाक्य खोडून काढता येत नाही.

बायको स्वयंपाकघरात होती. तिला मी विचारलं, काय करू. ती म्हणाली, "सही करताना मला विचारलं होतंत का?"

दुसऱ्या दिवशी मुलानंच मला स्कूटरवरून कचेरीत नेलं. हॉलमध्ये गर्दी होती. ठेकेदाराची बायको पहिल्या रांगेत, डोक्यावर पदर घेऊन बसली होती. तिचा चेहरा भेदरलेला होता, तिला यातलं किती माहीत होतं कोण जाणे. मासेवाली एका कोपऱ्यात तिच्या प्लास्टिकच्या पिशवीसकट उभी होती. मला पाहून तिला हायसं वाटलं. ते मला इतक्या लांबूनही दिसलं. तिला वाटलं मी तिच्या बाजूनं बोलायला आलो आहे.

तिच्या अर्जावर ठेकेदाराच्या वकिलानं हरकत घेतली की एका सूचकाची सही बनावट आहे आणि तो सूचक इथे हजर आहे. अधिकारी तरुण होते, दमलेले दिसत होते. सकाळपासून अर्जच बघत असतील. त्यांनी मला पुढे बोलावलं, अर्ज माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, ही सही तुमची आहे का?

पोस्टात बचत खात्यातून पैसे काढायला येणाऱ्या माणसाची सही कार्डावरच्या सहीशी जुळवून बघायची असते. मी हजारो वेळा ते केलं होतं. हात थरथरतो म्हणून सही न जुळणाऱ्या म्हाताऱ्यांना मी परत पाठवलं होतं, साक्षीदार घेऊन या म्हणून. मी त्या अर्जावरची सही पाहिली. तुटलेली रेघ तिथेच होती. ती माझी होती यात जगातल्या कुठल्याही पोस्टमास्तराला शंका आली नसती.

मी म्हणालो, "ही माझी सही नाही."

त्यांनी माझ्याकडे दोन क्षण जास्तच पाहिलं. मग म्हणाले, तसं लिहून द्या. कारकुनानं जबाब टाइप करून आणला. खाली सही करायची होती. एवढा विचार मी घरून निघताना केला नव्हता. जबाबावर मी नेहमीची सही केली असती तर दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर खोटं तिथेच उघडं पडलं असतं. म्हणून मी रेघ ओढली नाही. पहिलं अक्षर वेगळं काढलं, नाव सुटं सुटं लिहिलं, शाळेतल्या मुलासारखं. अधिकाऱ्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाले, जुळत नाही. सूचक कमी पडले. अर्ज बाद.

मी बाहेर आलो तेव्हा मुलगा स्कूटर सुरू करून उभा होता. मी मागे वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी ती आली. गुलाल उडून गेला होता, आमच्या फाटकाबाहेर रस्ता लाल झाला होता. तिच्या चपलांना तो लागला होता, म्हणून ती ओटीवर चढली नाही, खालीच उभी राहिली. रागानं आली नव्हती. तिला कुणा वकिलानं सांगितलं होतं की अलिबागला कोर्टात अपील करता येतं, पण मुदत फार थोडी आहे. मी प्रतिज्ञापत्र दिलं, की सही माझीच आहे आणि जबाब दबावाखाली दिला, तर अर्ज वाचू शकतो.

"मला कारण विचारायचं न्हाय, काका," ती म्हणाली. "मला दिसतंय काय कारण हाय ते. फक्त एवढं लिहून द्या."

मी खांबाला धरून उभा होतो. मनात सगळं ठरलेलं होतं की हो म्हणायचं. तोंडातून आलं ते असं की मला रक्तदाबाचा त्रास आहे, कोर्टकचेरी झेपणार नाही. ती ऐकत राहिली. मी बोलायचा थांबल्यावरही ती थोडा वेळ थांबली, आणखी काही येतंय का म्हणून. मग गेली.

बायको आत पोळ्या लाटत होती. त्या संध्याकाळी ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही, पण जेवायला नेहमीसारखं वाढलं. सकाळी उठलो तर ती ठेवणीतलं पातळ नेसून, पर्स घेऊन दारात होती. गुडघ्याचा पट्टा बांधलेला. मी विचारलं कुठे. ती म्हणाली, अलिबागला. मुलगा धावत बाहेर आला. तो आईला अडवत म्हणाला की हे घराच्या विरुद्ध जाणं आहे. तिनं त्याला बाजूला केलं नाही, तिथेच उभी राहून सांगितलं.

"ह्यांनी सही माझ्यासमोर केली. मी एवढंच सांगणार आहे. खोल्यांचं काय व्हायचं ते होऊ दे. म्हातारीला बाहेर आणलं तेव्हा त्या पाण्यात तू नव्हतास."

ती आणि मासेवाली सकाळच्या एसटीनं गेल्या. मी फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. त्या दिवशी दिवसभर घरात मी आणि मुलगा दोघेच होतो, सून माहेरी होती. आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळत होतो. दुपारी त्यानं भात टाकला, दोघांनी लोणच्याशी खाल्ला. तो एकदाच बोलला. म्हणाला, "बाबा, मी तुम्हाला जबरदस्ती केली नव्हती." मी म्हणालो, नाही, केली नव्हतीस.

बायको अंधार पडायच्या आत परत आली. पाय सुजले होते. मी गरम पाण्याची बादली आणून दिली. तिनं पाय बुडवले आणि जे झालं ते सांगितलं. कोर्टानं तिचं म्हणणं ऐकून घेतलं होतं. पण ज्याची सही त्यानंच स्वतः लेखी नाकारली आहे, आणि तो इथे आलेला नाही, मग बाकीच्यांच्या सांगण्यानं काय होणार? अपील फेटाळलं गेलं. तिकडच्या वकिलानं फारसं समजावून सांगितलं नाही, पण तिला ते समजलं होतं. येताना दोघी एसटीत शेजारी बसल्या होत्या. मासेवालीनं तिच्यासाठी पेरू घेतले होते. रेवदंडा गेल्यावर त्या नातवंडांविषयी बोलल्या.

"माझ्याविषयी काही म्हणाली का?" मी विचारलं.

बायको म्हणाली, "नाही."

त्याला आता काही दिवस झाले. घरावर अजून काही आलेलं नाही. नोटीस जिथे होती तिथेच आहे. ठेकेदार रस्त्यात भेटला तर अजूनही नमस्कार करतो, फक्त आता गाडी थांबवत नाही. मुलगा खोल्यांच्या मागच्या भिंतीला पुन्हा रंग देतो आहे. आमच्याकडे मासळी येत नाही. बायको बाजारात जाऊन तिच्याकडूनच घेते, आणि मी पानात पडेल ते खातो.

मी एकदा बाजारात गेलो होतो. औषध घ्यायचं होतं, वाट तिच्या ओट्यावरूनच जाते. दुसऱ्या वाटेनं जायचा विचार आला, पण गेलो. ती सुरमईचे तुकडे करत होती. मी थांबलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, ते सगळं गेलं. मी विचारलं, नाल्याचं काय झालं. तिनं मान वर न करता सांगितलं की पार्किंगचं भूमिपूजन मतदानानंतर आहे. मग समोरच्या गिऱ्हाइकाला पिशवी दिली आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईला विचारलं, तुम्हाला काय देऊ.

पारावर हल्ली निवडणुकीच्या गप्पा रंगतात. नगराध्यक्षपदासाठी तिघे उभे आहेत. कोण किती घरं फिरला, कुठल्या आळीत कुणाचं वजन आहे, हे सगळे मोठ्या जाणकारीनं सांगतात. पूर्वी मीही सांगायचो. पुढारी विकले जातात, लोकांना किंमत नाही, असं बोलताना एक प्रकारचा आनंद असायचा. आता मी तिथे बसतो तेव्हा कुणी मला मत विचारत नाही. शेजारी, ज्यानं माझ्याबरोबर म्हातारीला उचललं होतं, तो मी आल्यावर थोड्या वेळानं उठून जातो. उलट बाकीचे मला समजून घेतात, आणि ते जास्त जड जातं. परवा एकानं पाठीवर हात ठेवून म्हटलं की मास्तर, तुम्ही केलं ते बरोबर केलं, संसार सांभाळायचा असतो. त्याच्या बागेतही चार खोल्या आहेत.

माझ्या डोक्यात एकच हिशोब फिरत राहतो. ती निवडून आली नसती, हे खरं असेल. कोळीवाड्यातली थोडी मतं आणि आमच्या आळीतली दोन-चार. पण तिचं नाव मशीनवर राहिलं असतं. नावासमोर बटण असतं. ज्यांनी तिच्या घरातलं पाणी पाहिलं त्यांना ते दाबावं की नाही हे आडोशाच्या मागे एकट्यानं ठरवावं लागलं असतं. ते ठरवायची पाळीच कुणावर आली नाही. माझ्या एका वाक्यानं सगळ्या प्रभागाची सुटका झाली, आणि म्हणूनच बहुधा मला सगळे इतकं समजून घेतात.

काल मतदानाच्या चिठ्ठ्या आल्या. आम्हा दोघांच्या, एकाखाली एक. मराठी शाळेतली खोली, आमचे अनुक्रमांक. बायकोनं तिची चिठ्ठी चष्म्याच्या घरात ठेवली. ती म्हणाली की सकाळी लवकर जाऊ, ऊन वाढलं की गुडघा बोलायला लागतो. मी म्हणालो, तू जा, माझं नक्की नाही.

"चला की," ती म्हणाली. "मला रस्ता चढवत नाही एकटीला."

मी हो म्हणालो. तिनं उठून कणिक मळायला घेतली.